अप्पांच्या सोप्यात पहिलं बोलणं माझं

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही मुरगूडला. त्यानंतर हातात पेन आलं ते चपात्यांच्या ऑर्डरी लिहायला, त्यामुळं अक्षरही आडवंतिडवं येतं. ही वही मी पिठाच्या डब्यामागं ठेवते. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण अप्पांना जाऊन दीड वर्ष झालं, आणि गल्लीत अजून लोक बोलतात की म्हातारा चक्रम होता, तोंडाचा फटकळ होता. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, आणि ते तोंडानं सांगायचं धाडस मला अजून होत नाही. म्हणून लिहिते.

अप्पा आमचे घरमालक. रस्त्याकडच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे आणि मागं परसाकडच्या दीड खोलीत आम्ही राहायचो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी डिपॉझिट विचारलं नाही. मला विचारलं, गाणं ऐकता का. परक्या माणसापुढं बोलायची मला सवय नाही. मी आधी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी छताकडं बघितलं. शेवटी मी म्हटलं, रेडिओ लावते, पण स्टोव्हच्या आवाजात काही कळत नाही. अप्पा खूश झाले. "खरं बोलतीय. द्या हिला खोली," असं स्वतःलाच म्हणाले, जणू मालक दुसराच कुणीतरी होता.

पेटी दुरुस्तीला आली की ते आधी तिच्याशी बोलायचे. काय होतंय, कधीपासून होतंय, असं डॉक्टरसारखं विचारायचे, भात्याला कान लावायचे आणि एक चिठ्ठी लिहून पेटीला बांधायचे. कुठल्या चिठ्ठीवर खोकला, कुठल्यावर दमा. एका चिठ्ठीवर लिहिलेलं मी वाचलं आहे, ही नुसती नखरे करते. कोडोलीच्या एका भजनी मंडळाची पेटी त्यांनी तशीच परत दिली. पेटीला काही झालेलं नाही, वाजवणाऱ्याला दाखवा, म्हणाले. ते लोक भांडून गेले आणि चार महिन्यांनी दुसरा वाजवणारा घेऊन पेढे द्यायला आले.

त्यांचं खरं वेड संगीत नाटकाचं. शहरात संगीत नाटक आलं की ते शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एका पायातली चप्पल काढून तळवा जमिनीवर ठेवायचे. ऑर्गन वाजला की जमिनीतून पायाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. "कानाला फसवता येतंय अक्का, पायाला न्हाय," असं मला सांगायचे. मला ते अक्काच म्हणायचे, वयानं त्यांच्या लेकीएवढी असून. घरची बोली कानडी, राग आला की मराठी संपायची.

नाटकाची तिकिटं ते स्वतःच्या पैशानं काढायचे, पाच माणसांची. ते स्वतः, शेजारचे गिरणीवाले मामा, बँकेतून रिटायर झालेल्या एक मॅडम, एक म्हातारे वकील, आणि मी. मला का घेतलं ते मी कधी विचारलं नाही. शनिवारी नाटक बघायचं आणि रविवारी दुपारी चारला सोप्यात जमून अभिप्राय द्यायचा. जो अभिप्राय देईल त्याचं तिकीट फुकट. जो गप्प बसेल त्यानं तिकिटाचे पैसे अप्पांना परत द्यायचे. छान होतं म्हटलं तरी पैसे द्यायचे, कारण छान म्हणणं म्हणजे गप्प बसणंच, असा त्यांचा कायदा. समजलं नाही असं म्हटलेलं चालायचं. तो अभिप्राय धरला जायचा.

आणि बोलायचं ते शिक्षणाच्या उलट्या क्रमानं. सगळ्यात कमी शिकलेल्यानं आधी. वकील आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, मग त्या माना कशाला ऐकायच्या, असं अप्पांनी पहिल्याच दिवशी वकिलांच्या तोंडावर सांगितलं. वकील हसले. मी हसले नाही, कारण चौथी शिकलेली तिथं मी एकटीच होते. दहावी नापास मामा माझ्यानंतर, मग मॅडम, मग वकील. अप्पा सगळ्यात शेवटी. त्यांचं शिक्षण किती ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी मी इतकी घाबरले होते की पदराचं टोक चावून ओलं केलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला एवढंच सांगता आलं की नायिकेच्या निऱ्या घाईत खोचलेल्या होत्या, त्या आता सुटतील, मग सुटतील, ह्या काळजीत मला तिचं गाणं ऐकूच आलं नाही. मामा मोठ्यांदा हसले. अप्पा त्यांच्यावर कानडीत खेकसले. मग मला म्हणाले की तिचा सूर का हलत होता ते रात्रभर त्यांना कळलं नव्हतं, आता कळलं. त्या दिवशी पहिला चहा मला मिळाला.

असं चार वर्षं चाललं. भीती गेली नाही. शनिवारी नाटक बघताना अंधारातच माझ्या मनात रविवारचं सुरू व्हायचं. पण बोलून झालं की अंगातून ताप उतरावा तसं हलकं वाटायचं. दुसरीकडं कुठंच मी आधी बोलत नव्हते. घरात नाही, माहेरी नाही.

आमचे हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. डेअरीत चौदा वर्षं टेम्पररी होते. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी निघणार होती आणि ह्यांचं नाव त्यात आहे असं आतल्या क्लार्कनं सांगितलं होतं. डेअरीचे चेअरमन म्हणजे आमच्या भागातले पुढारी, सगळे त्यांना साहेब म्हणतात. कायम झालो की गडमुडशिंगीला अर्धा गुंठा बघू, असं हे जेवताना म्हणायचे आणि लगेच जीभ चावायचे, दृष्ट लागेल म्हणून. नाव यादीतून गेलं असतं तर ह्यांच्या वयाला दुसरीकडं कुणी घेतलं नसतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ते वाक्य बोलले.

ते नाटक नव्या पोरापोरींनी बसवलेलं होतं. ऑर्गन, तबला, पदं, सगळं जुन्या पद्धतीचं, पण गोष्ट आजची. एक पुढारी धरण बांधतो, गाव पाण्यात जातं आणि दरवर्षी तो होडीतून येऊन त्या पाण्यावर हार सोडतो. दारात दोन पोलीस उभे होते. मी कधी नाटकाच्या दारात पोलीस बघितले नव्हते. आत आमच्या पुढच्या रांगेत दोन तरुण मोबाईल उलटा धरून बसले होते. स्टेजकडं पाठ करून ते बघणाऱ्यांचं शूटिंग घेत होते. मी पदर तोंडावर ओढला. मॅडमनी केस नीट केले.

दुसऱ्या अंकात बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून गातात. पाणी म्हणजे निळं कापड, दोन माणसं दोन्हीकडून धरून ते हळूहळू वर उचलत होती. पुढारी वर बांधावर बसलेला. त्या नटाचा गळा फार गोड होता. तो बायकांच्या गाण्यात सूर मिळवतो आणि मांडीवर ताल धरतो. कापड छातीला आलं, गळ्याला आलं, आणि त्याचा हात तसाच पडत राहिला. माझ्या शेजारी अप्पांनी दुसरीही चप्पल काढली. तसं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. पाच-सहा माणसं उठून गेली.

रविवारी सोप्यात नेहमीपेक्षा लवकर सगळे आले. दार लोटून घेतलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मी बोलले. काय बोलले ते मला शब्दाला शब्द पाठ आहे, कारण नंतर ते मला पुष्कळ वेळा ऐकवलं गेलं.

"तो वाईट गायला असता तर मला भ्या वाटलं नसतं," मी म्हटलं. "बायका बुडत हुत्या आणि ह्यानं ताल सोडला न्हाय. एक टाळी चुकली न्हाय. आमचं साहेब बी मीटिंगीत असंच. माणसं गाऱ्हाणं सांगत्यात, साहेब टेबलावर बोटं वाजवत गोड हसत ऐकत्यात. मग कुणाचंच काय हुत न्हाय."

हे मला ह्यांनीच कधीतरी सांगितलं होतं. वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"पुढं?" अप्पा म्हणाले.

"पुढं काय न्हाय. बुडाल्या."

मग बाकीचे बोलले. मामांना नाटक आवडलं नव्हतं. देवादिकांच्या गोष्टीला जो राग शोभतो त्यात टेंडर आणि कमिशन हे शब्द घालायचे म्हणजे देवघरात चप्पल घालून जाणं, असं त्यांचं म्हणणं. मॅडम म्हणाल्या, टेंडर शब्दावर त्या पोरानं तान घेतली तेव्हा त्या इतक्या हसल्या की शेजारच्यानं बघितलं, आणि हसताहसताच त्यांना रडू आलं, कारण त्यांच्या आजोळचं गाव असंच पाण्याखाली आहे. वकील म्हणाले, नाटकात कायद्याची एकही चूक नाही, आणि म्हणूनच ते महिन्याभरात बंद पडेल. मामा म्हणाले, असली वकिली भाषा सोडा, गाणं कसं होतं ते सांगा. वकील म्हणाले, गाणं ऐकायला मी दारातल्या पोलिसांकडं पाठ करून बसू शकलो नाही हो.

अप्पा शेवटी बोलले. बायका पाण्याखाली गेल्यावर ऑर्गनवाल्यानं सूर सोडले होते आणि नुसता पाय मारत राहिला होता. सूर नसलेली भात्यातली हवा तेवढी वाजत होती. पुष्कळांना वाटलं बाजा बिघडला. "बिघडला नव्हता," अप्पा म्हणाले. "ते बुडालेल्यांचं श्वास हुतं. माझ्या पायाला लागलं." आणि त्यांनी दोन्ही तळवे उचलून खुर्चीवर घेतले, लहान पोरं घेतात तसे.

आमच्यातली चूक मामांनी केली, आणि ती मायेनं केली. माझा अभिप्राय ते नेहमी मोबाईलवर उतरवून घ्यायचे आणि गिरणीत दळता दळता ऐकायचे. मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशीचा त्यांना फार पसंत पडला. आमची चौथी शिकलेली बाई बघा काय बोलते, असं लिहून त्यांनी तो नाटकवाल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला ते मामांनाही सांगता आलं नाही.

बुधवारी भर दुपारी हे घरी आले. टँकरवरचा माणूस दुपारी घरी येत नाही. पाय धुतले, भिंतीला टेकून बसले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. माझा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा बाहेरून ऐकला. डेअरीच्या कँटीनमध्ये सगळ्यांनी ऐकला होता.

"तू बोललीस व्हय हे?"

मी मान हलवली. हे ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. उद्यापासून येऊ नका, बोलावलं की या, एवढं सांगून सुपरवायझरनं किल्ली काढून घेतली होती. हे किल्ली अडकवायच्या खिळ्याकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा मोटारसायकलवरून आला. चपात्यावाल्या काकू कुठं राहतात, असं त्यानं सगळ्या गल्लीत विचारलं. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. पन्नास चपात्यांची ऑर्डर दिली, पैसे आगाऊ दिले, मालक डेअरीतच ना, पुष्कळ वर्षं झाली ना, असं सगळं पाहुण्यासारखं हसत विचारलं. मी मान खाली घालून हो-नाही म्हणत होते. जाताना दारात वळला आणि म्हणाला, "आवाजावरनं वळखलं बघा काकू तुम्हाला. छान बोलता तुम्ही."

पन्नास चपात्या मी केल्या. न्यायला कुणी आलं नाही. दोन दिवस त्या टोपलीत राहिल्या, टाकायचीही भीती वाटत होती. अजून गल्लीत मोटारसायकल थांबली की माझा हात पोळपाटावर थांबतो.

अप्पांना हे कळलं तेव्हा ते अंगात कोट घालून बाहेर आले, लग्नाला घालायचा, आणि ह्यांना म्हणाले, चला. दोघं डेअरीत गेले. तिथं काय झालं ते मला ह्यांनी सांगितलं. अप्पांनी साहेबांना सांगितलं की माझ्या सोप्यात बोललेलं माझं असतं, त्या बाईचा अभिप्राय मी मागितला, शिक्षा मला द्या. साहेब उठून उभे राहिले, अप्पांच्या पाया पडले, चहा मागवला. लहानपणी वडिलांबरोबर किती संगीत नाटकं बघितली ते सांगितलं, एका पदाचा मुखडा म्हणून दाखवला. हे धरणाचं नाटक मी पण बघणार आहे, म्हणाले. आणि ड्रायव्हरांना कुणी घरी बसवलं, असं सुपरवायझरला सगळ्यांसमोर विचारलं. हे सोमवारपासून कामावर गेले. यादीचं मात्र साहेब म्हणाले, बघू, पुढच्या महिन्यात लागेल, आपलीच माणसं आहेत, आपल्यासारखी वागली म्हणजे झालं.

अप्पा परत आले ते परसाच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"अक्का, तू म्हणलीस ते खरं हाय," ते म्हणाले. "मी बोलत हुतो तवर त्याची बोटं टेबलावर चालली हुती. पक्का तालात हाय गडी."

असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. अप्पांना घाबरलेलं मी तेव्हा बघितलं. पायरीच्या फरशीवर ते तळवा टेकत नव्हते, टाच उचलून बसले होते.

त्या नाटकाचा पुढचा प्रयोग झाला नाही. नाट्यगृहात विजेचं काम निघालं, असं बाहेर पाटीवर लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी दुसरं नाटक लागलं, जुनं, देवाचं. अप्पांनी नेहमीसारखी पाच तिकिटं काढली, दोनशे रुपयांची एक. सगळे गेलो. नाटक चांगलं होतं. तरी त्यात एक जागा होती, राजा दरबारात एका गवळणीला बोलायला लावतो आणि तिची सासू मागून तिचा पदर ओढत राहते. मला त्या सासूबद्दल सांगायचं होतं. ती वाईट नव्हती. तिला राजाचे डोळे दिसत होते, सुनेला दिसत नव्हते. अंधारात मी ते मनात जुळवलं, पहिल्यांदाच इतकं नीट जुळलं होतं.

यादी पुढच्या गुरुवारी लागणार होती. रविवारी सोप्याकडं निघाले तेव्हा हे दारात उभे होते. जाऊ नको म्हणाले नाहीत. खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून माझ्या हातात दिल्या आणि माझी मूठ मिटवली.

मामांनी मोबाईल घरी ठेवला होता, तसं आल्याआल्या दोनदा सांगितलं. दाराला कडी घातली. मॅडम खिडकीपाशी बसायच्या, त्या दिवशी आतल्या बाजूला बसल्या. अप्पांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि माझ्याकडं बघितलं.

"बोल अक्का," ते म्हणाले. "ही दारं बंद हाईत."

बाहेरून एक मोटारसायकल गेली. ती थांबली नाही, पुढं गेली. मला गवळण आठवत होती, सासू आठवत होती, सगळं जिभेवर होतं. मी तोंड उघडलंही. मग अप्पांच्या पुढच्या पाटावर मी त्या दोन नोटा ठेवल्या.

अप्पा नोटांकडं बघत राहिले. रागावले नाहीत, कानडीत काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं." आणि मामांकडं वळले.

मामांच्या मुठीत नोटा आधीपासून तयार होत्या, पीठ लागलेल्या. मॅडमनी पर्स उघडली. वकिलांकडं पाचशेची नोट होती, मोड नव्हती. राहू द्या उरलेले, असं ते म्हणाले तर अप्पांनी मान हलवली आणि उठून फळीवरच्या डब्यातून त्यांना तीनशे परत दिले. तिकिटाएवढेच घेणार, म्हणाले.

मग त्यांची पाळी आली. चार वर्षांत अप्पांची पाळी आली की आम्ही मांडी बदलून नीट बसायचो, कारण ते बोलायला लागले की तासभर उठायचं नसायचं. आम्ही तसेच बसलो. ते पाटावरच्या पैशांकडं बघत होते. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, दोनशे रुपये काढले, आमच्या पैशांवर ठेवले आणि सगळ्या नोटा एकत्र करून हातानं सरळ केल्या.

"मिळालं सगळं," ते म्हणाले. "पाची तिकिटं फिटली."